सायकॉलॉजी एमएवाल्यांसाठीचा विकेंड करिअर कोर्स : साडेसहा हजार द्यावेत का?

आधी थेट उत्तर देऊन टाकते. एमए पार्ट वनला असाल आणि पुढे काय करायचं याचा काही पत्ता नसेल तर करा. एमफिलसारख्या पुढच्या क्लिनिकल कोर्सची एंट्रन्स द्यायची हे पक्कं असेल तर पैसे वाचवा आणि अभ्यासाला बसा. मधल्यांनी खालचं वाचून ठरवा, जरा लांबलंय पण मला हा कोर्स करायच्या आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून सगळंच लिहितेय.

पुण्यात डेक्कनच्या बाजूला एक काउन्सेलिंग सेंटर आहे, ते लोक सायकॉलॉजीच्या एमएच्या मुलांसाठी शनिवार-रविवारचा 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट' कोर्स घेतात. नाव टाकत नाही, एकतर जाहिरात वाटेल आणि दुसरं म्हणजे खाली एका सेशनला मी चांगलीच झोडपणार आहे. असे कोर्स आता पुण्या-मुंबईत बरेच निघालेत, त्यामुळे कुठलाही निवडताना हे उपयोगी पडेल. शिकवायला तिघं. एक मॅडम, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्वतःची प्रॅक्टिस आहे. एक सर, कॉलेजात शिकवतात आणि नेट-सेटचं, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या परीक्षांचं घेतात. आणि तिसरे एक एचआरवाले, हिंजवडीतल्या कुठल्याशा आयटी कंपनीतले. बॅचमध्ये पुण्यातल्या मुली तर होत्याच पण बारामती, सातारा, अहिल्यानगरहून सकाळची एसटी पकडून येणाऱ्यापण होत्या, मुलगे जेमतेम तीन. आपल्या वर्गात असतात तसेच.

पहिलंच सेशन मॅडमचं, आणि खरं सांगू का, अर्धे पैसे तिथेच वसूल झाले. त्यांनी कसली मोटिव्हेशनल बडबड केली नाही, फळ्यावर सरळ लिहिलं की एमए झाल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणवून घेऊ शकता आणि काय नाही. आम्हाला दोन वर्षं फ्रॉइड, बेक, रॉजर्स सगळं शिकवलं पण हे एकदाही कुणी नीट मांडलं नव्हतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, नुसत्या एमएवर ती होत नाही. १९९२चा आरसीआयचा कायदा आहे, त्याच्या कलम १३मध्ये नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. हजार रुपये ऐकून मागच्या बाकावर हशा पिकला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हसा, पण दंड सोडून त्याच्या आधीचं वाक्य परत वाचा."

मग २०१७चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, त्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या त्यांनी शब्दन् शब्द वाचून घेतली. एमए आणि त्याच्यावर दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल, तेही सुपरव्हाइज्ड क्लिनिकल ट्रेनिंगसकट आणि आरसीआयची मान्यता असलेलं, किंवा मग आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीचीच पात्रता. बास. 'सर्टिफाइड सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) प्रॅक्टिशनर', दोन दिवसांचा झूमवरचा कोर्स आणि सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट यातलं काही त्यात बसत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडे असली सर्टिफिकेटं फाइलभर होती, बिचारीने फाइल हळूच सॅकमध्ये सरकवली.

एमफिलचा घोळपण त्यांनी व्यवस्थित उलगडला. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या पीएचडीच्या नियमांत एमफिल बंद करून टाकलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना नंतर २०२५-२६ पर्यंत अ‍ॅडमिशन द्यायची मुभा मिळाली. म्हणजे आत्ता पार्ट वनला असलेल्यांनी सीनियर्सच्या सल्ल्यावर डोळे झाकून चालू नये, तुमच्या वर्षाला कुठला कोर्स मान्य आहे ते आरसीआयच्या साइटवर जाऊन स्वतः बघायचं, दर सेमिस्टरला बघायचं. बेंगळुरूची निम्हान्स, रांचीचं सीआयपी, तेजपूर ही मोठ्या मानसिक आरोग्य संस्थांची नावं सगळ्यांना पाठ असतात, पण आपल्या इथे ससूनच्या आवारातली एमआयएमएच म्हणजे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आहे हे आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणींना माहीतच नव्हतं, आणि त्यातल्या दोघी रोज पुणे स्टेशनला उतरतात!

आणि ज्यांना क्लिनिकल करायचंच नाही त्यांचं काय, तर २०२१चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा. त्याच्या यादीत सायकॉलॉजिस्ट आहे, आरसीआयखाली येणारे क्लिनिकलवाले वगळून. म्हणजे बाकी सगळ्या सायकॉलॉजिस्टनाही कधी ना कधी रजिस्टरच्या चौकटीत यावं लागणार. याचा दणका आधीच बसलाय, यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजीच्या डिस्टन्स आणि ऑनलाइन डिग्र्यांची नवी अ‍ॅडमिशन थांबवायला सांगितली. नोकरी करत करत पोस्टाने एमए करू म्हणणाऱ्या कितीतरी बायका असतात, माझी मावसबहीण त्यातलीच, तिला मी त्याच रात्री फोन केला. हे एवढं एका सकाळी एका माणसाने सलग सांगणं, कागदासकट, याला मी पाचपैकी पाच देते.

दुसरं भारी सेशन म्हणजे नोट्स आणि कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी. नाव ऐकून कंटाळा येतो ना, मलापण आला होता. पण मॅडमनी लेक्चर दिलंच नाही, एक केस दिली. शाळेतली काउन्सेलर, समोर नववीतली मुलगी, ती म्हणते मॅडम आधी शप्पथ घ्या कुणाला सांगणार नाही, आणि मग घरातल्या एका नातेवाइकाबद्दल सांगते. आता तुम्ही काय कराल. बॅच उभी दुभंगली. अर्ध्या जणी म्हणाल्या विश्वास तोडायचा नाही, आपल्याला तेच तर शिकवलंय, आधी रॅपो मग बाकी सगळं. अर्ध्या म्हणाल्या आईला बोलवा. एक जण म्हणाला प्रिन्सिपलना सांगून मोकळं व्हायचं. चांगला पाऊण तास भांडण चाललं आणि मॅडम शांतपणे चहा पीत बसल्या होत्या.

मग त्यांनी पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ काढलं. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे हे ज्याला कळेल त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच. मग तो कुणीही असो, काउन्सेलरला सूट नाही. नाही कळवलं तर कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. प्रिन्सिपलच्या कानावर घातलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असंपण होत नाही. म्हणजे ती शप्पथ तुम्ही घेऊच शकत नव्हतात, आणि हे मुलीला बोलायच्या आधी सांगायचं असतं, बोलून झाल्यावर नाही. पहिल्या भेटीत, साध्या भाषेत, "तू सांगशील ते माझ्याकडेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मदत घ्यावी लागेल, आणि कुणाची घेणार ते मी तुला आधी सांगेन." हे वाक्य आमच्याकडून जोडीजोडीने म्हणून घेतलं, अडखळायचं बंद होईपर्यंत. मी आता शाळेत काउन्सेलर आहे, चिंचवडच्या बाजूला, आणि हे वाक्य मी जवळजवळ रोज म्हणते. बाकी कोर्स विसरले तरी हे विसरणार नाही.

नोट्सचंपण तसंच. तारीख, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय केलंत, पुढे काय ठरलं. आपले अंदाज वेगळे, आणि 'आई ओव्हरप्रोटेक्टिव्ह' असले शेरे फाइलवर नकोत कारण उद्या ती फाइल कोर्टात वाचली जाऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर केस डिस्कस करायची नाही, नाव काढून टाकलं तरी. गावात एकच शाळा आणि एकच नववी असेल तर नाव काढून काय उपयोग? २०१७च्या कायद्यात कलम २३ गोपनीयतेबद्दलच आहे, तेपण वाचून घेतलं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाशी पहिल्या दहा मिनिटांत काय बोलायचं, घरच्यांना कधी आणि कसं सामील करायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, रात्री-बेरात्री चालतो, तो नुसता कार्डावर न छापता स्वतः एकदा लावून बघायचा म्हणजे समोरच्याला पलीकडून काय विचारतील ते सांगता येतं, असल्या बारीक बारीक गोष्टी. कॉलेजात याच्यावर एक युनिट असतं, पाच मार्कांचं.

रोलप्लेबद्दल थोडं. सगळे मराठीत घेतले, आणि तिथे आम्ही इंग्रजी मिडियमवाल्या सपशेल आडव्या झालो. समोरची 'क्लायंट' म्हणतेय छातीत धडधड होतं, कशात मन लागत नाही, आणि आम्ही म्हणतोय "तर तुम्हाला असं फील होतंय की..." अख्खा वर्ग हसून हसून बेजार. साताऱ्याची एक मुलगी मात्र इतकं सहज बोलली की मॅडमनी तिला दोनदा उभं केलं. तिला स्वतःच्या इंग्रजीचा कॉम्प्लेक्स होता म्हणे, दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही सगळ्या तिच्याकडून वाक्यं उतरवून घेत होतो. यासाठी अजून वेळ हवा होता, एकच दुपार दिली.

आता झोडपायची वेळ. एचआरवाल्या सरांचं 'पर्सनल ब्रँडिंग' सेशन. माणूस बोलायला छान, जोक्स छान, आणि आख्खी सकाळ लिंक्डइनची हेडलाइन कशी लिहायची यावर. इन्स्टावर रील्स करा, 'मेंटल हेल्थ एक्सपर्ट' लिहा, आठवड्याला तीन पोस्ट टाका, फॉलोअर्स झाले की क्लायंट आपोआप येतात. अहो पण कालच तर मॅडमनी सांगितलं ना की आपण स्वतःला काय म्हणवू शकत नाही! एका मुलीने हे विचारलं तर म्हणे, "तो लीगल पार्ट वेगळा, हा मार्केटिंग पार्ट वेगळा." एकाच छताखाली एकाच फीमध्ये दोन उलटे सल्ले, आणि कोर्स चालवणाऱ्यांनी आपापसात बोलून घ्यायची तसदी घेतलेली नाही. रेझ्युमे तपासून देणार होते तेपण सगळ्यांना एकच साचा पाठवला, आयटीवाला, 'की अचीव्हमेंट्स' आणि टक्केवारी. मी किती टक्के मुलांची परीक्षेची भीती घालवली ते लिहू का आता? खरं तर सायकॉलॉजीवाल्याच्या सीव्हीत काय लागतं ते वेगळंच असतं : कुठे इंटर्नशिप केली, कुणाच्या सुपरव्हिजनखाली, कुठल्या वयोगटाबरोबर काम केलं, कुठल्या टेस्ट स्वतः घेतल्यात आणि कुठल्या नुसत्या बघितल्यात. हे मला नंतर मॅडमनी जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत सांगितलं.

कॉलेजातल्या सरांचं नेट-सेटचं सेशन ठीक. घाईत उरकलं, पण माहिती बरोबर. नेटला दोन पेपर सलग तीन तास, पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे रिकामा सोडणं हा मूर्खपणा. २०२४पासून नेटचे निकाल तीन गटांत लागतात, जेआरएफ म्हणजे रिसर्चच्या फेलोशिपसकट असिस्टंट प्रोफेसर, नुसतं असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि नुसतं नेट क्वालिफाय म्हणणाऱ्या सीनियरला तिन्हीतलं कुठलं ते आधी विचारा. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, हे ऐकून आमच्या इथे बऱ्याच जणी ताठ बसल्या. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. सरांचा एक मुद्दा मला पटला, की पेपर वनला, म्हणजे सगळ्या विषयांना सारख्याच असलेल्या पहिल्या पेपरला हलक्यात घेऊ नका, सायकॉलॉजीचे हुशार लोक तिथेच गटांगळ्या खातात कारण डेटा इंटरप्रिटेशन बघितलं की आपल्याला घाम फुटतो. आणि एक मुद्दा अजिबात पटला नाही, की 'असिस्टंट प्रोफेसर हेच सगळ्यात सेफ करिअर'. सीएचबीवर तासाच्या हिशोबाने वर्षानुवर्षं शिकवणारे किती लोक आहेत हे त्यांना माहीत नाही असं कसं होईल, ते स्वतः कॉलेजात आहेत!

रिसर्चचं जे काही होतं ते मात्र सरांनी छान केलं. एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरची क्रॅक्ड कॉपी पेनड्राइव्हवरून फिरवायची आपल्याकडे परंपराच आहे, त्यांनी सरळ जास्प उतरवून घ्यायला लावलं, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठवाल्यांचं, पूर्ण फुकट, आणि डेझर्टेशनचा बहुतेक सगळा अ‍ॅनालिसिस त्यात होतो. प्रत्येकीचा लॅपटॉप उघडून टी टेस्ट चालवून दाखवली. आणि 'दोन हजार भरा, आठवड्यात पेपर छापून देतो' वाल्या जर्नलांबद्दल चांगलं खडसावलं. यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे त्यांची मान्य जर्नलांची यादी, २०२५मध्ये बंद केलीय, त्यामुळे 'यूजीसी केअर लिस्टेड' असं अजून मिरवणारे मेसेज आले की तिथूनच ओळखायचं. डेझर्टेशनचा एक बरा पेपर गाइडबरोबर बसून नीट लिहा, चार भिकार पेपर छापू नका, असं म्हणाले. बरोबरच आहे.

टेस्टिंगबद्दल अर्धा दिवस होता. बिने-कामत, भाटिया, मोठ्यांसाठी वेश्लर या बुद्धिमत्तेच्या टेस्ट, कुठली कधी घ्यायची. प्रत्यक्ष किट हाताळायला दिले हे चांगलं. पण ज्या किटवर आम्ही सराव केला त्यातली रेकॉर्ड शीट झेरॉक्स होती, तीपण झेरॉक्सची झेरॉक्स, आकडे पुसट. एथिक्स शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे बरं दिसत नाही. एक गोष्ट मात्र कामाची कळली, लर्निंग डिसॅबिलिटीचं सवलतीसाठीचं सर्टिफिकेट खाजगी काउन्सेलरने द्यायचं नसतं, ते ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलमधूनच घ्यावं लागतं. आपण स्क्रीनिंग करून, रिपोर्ट नीट लिहून पाठवायचं. पालक शाळेत येऊन "मॅडम तुम्हीच एक कागद द्या ना" म्हणतात तेव्हा हे माहीत असलं की बरं पडतं.

काय नव्हतं ते सांगते. सुपरव्हिजन. सगळ्यांनी 'सुपरव्हिजन घ्या, सुपरव्हिजन घ्या' म्हटलं पण कुठे, किती पैशात, शोधायचं कसं, चांगला सुपरव्हायझर ओळखायचा कसा, शून्य. शेवटच्या दिवशी कळलं की सेंटरचीच पेड सुपरव्हिजन आहे आणि त्याचं माहितीपत्रक फोल्डरमध्ये आधीच घातलंय. चालतं, धंदा आहे, पण मग दुसरेही पर्याय सांगा की. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, पुण्यात ज्ञानप्रबोधिनी आहे, दोन्हीकडे समुपदेशनाचं ट्रेनिंग चालतं, ही नावं आम्हाला एकमेकींकडूनच कळली.

पगाराबद्दलपण सगळे गुळमुळीत. मॅडमनी फी कशी सांगायची ते शिकवलं, नजर न चुकवता आकडा सांगायचा आणि मग गप्प बसायचं, ते मस्त होतं, पण ते स्वतःची प्रॅक्टिस असलेल्यांसाठी. नोकरीत सुरुवातीला काय मिळतं ते कुणी बोलेना. बॅचमधल्या एकीला एका शाळेने काउन्सेलर म्हणून घेतलं आणि बारा हजारांत सहावीला मूल्यशिक्षण, बदली तास आणि गॅदरिंगचं अँकरिंग सगळं करून घेतलं. असल्या वेळी ऑफर लेटरमध्ये कामाचं स्वरूप लिहून मागायचं, बसायला दार लागणारी खोली मागायची, हे तिने आम्हाला वडापाव खाताना सांगितलं. तिला खरं तर एक सेशन द्यायला हवं होतं.

इंटर्नशिपचंपण तेच. पैसे घेऊन इंटर्नशिप देणाऱ्या जागा आता बोकाळल्यात, ऑनलाइन, महिनाभर पोस्टर बनवून घेतात आणि सर्टिफिकेट देतात. याबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं तर 'एक्सपोजर म्हणून बघा' असं उत्तर आलं. नाही बघणार. पेशंट किंवा क्लायंट दिसणार नसेल, कुणी सीनियर तुमचं काम तपासणार नसेल तर ते एक्सपोजर कसलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. 'आजीवन मेंटरशिप' म्हणून जाहिरात होती, आता तिथे गुड मॉर्निंग आणि पुढच्या बॅचची पोस्टर येतात. नोकरीच्या जाहिराती अधूनमधून पडतात, त्यातली एक कामाची निघाली, एवढंच.

सोयींबद्दल थोडक्यात. हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एसी आहे. चहा चांगला, जेवण आपलं आपण. गाडी लावायला जागा नाही, डेक्कन मेट्रोने या. नोट्स इंग्रजीत छापलेल्या, बोलणं मराठीत, ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांना मॅडम थांबून समजावतात. रेकॉर्डिंग देत नाहीत आणि केस डिस्कशन असतं म्हणून ते योग्यच आहे.

फीबद्दल, साडेसहा हजार एकरकमी मागतात पण विचारलं तर दोन हप्ते करून देतात, ग्रुपने आलात तर थोडी सूटही. मॅडमची सेशन्स आणि सरांचं रिसर्चचं एवढंच वेगळं विकत मिळालं असतं तर मी साडेतीन-चार हजार खुशीने दिले असते. एकूण पाचपैकी साडेतीन. पैसे भरायच्या आधी शिकवणाऱ्याचा आरसीआयचा नोंदणी नंबर मागा, खरा माणूस लगेच देतो, आमच्या मॅडमनी पहिल्याच स्लाइडवर टाकला होता. आणि त्या बॅचला मॅडम स्वतः किती सेशन घेणार आहेत ते लेखी विचारा, कारण पुढच्या बॅचच्या पोस्टरवर एचआरवाल्या सरांचा फोटो मोठा आणि मॅडमचा कोपऱ्यात दिसतोय.